डेबियन १२ सुरू व्हायला पावणेतीन मिनिटं लागतात: कोणत्या सर्व्हिस बंद करू?

नवशिका_८६

लॅपटॉप जुना आहे. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, एसएसडी नाही. डेबियन १२, ग्नोम डेस्कटॉप, इन्स्टॉल करताना काहीही बदललं नव्हतं. गेल्या महिन्यात दुसऱ्या पार्टिशनवर आणखी एक लिनक्स टाकलंय, तेही ठेवायचंय. शिकण्यासाठी डॉकर आणि मारियाडीबी घेतलेत, रोज लागत नाहीत.

‘सिस्टमडी-ॲनालाइज’ असं सांगतं (आउटपुट देवनागरीत उतरवून देतोय):

फर्मवेअर ६.२ से + लोडर ५.९ से + कर्नल ३७.४ से + युजरस्पेस १ मि ५७.२ से = २ मि ४६.७ से

‘सिस्टमडी-ॲनालाइज ब्लेम’मधल्या वरच्या ओळी:

१४.६ से प्लिमथ-क्विट-वेट.सर्व्हिस
११.७ से नेटवर्कमॅनेजर.सर्व्हिस
९.४ से नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन.सर्व्हिस
७.८ से मारियाडीबी.सर्व्हिस
७.१ से डॉकर.सर्व्हिस
५.१ से युडिस्क्स२.सर्व्हिस
४.८ से मोडेममॅनेजर.सर्व्हिस
३.२ से ॲपआर्मर.सर्व्हिस
२.९ से अकाउंट्स-डेमन.सर्व्हिस

ही सगळी यादी वरपासून खाली मास्क (पूर्णपणे बंद) करायचा विचार आहे. शिवाय कप्स, अवाही, ब्लूटूथ, पोलकिट, पॅकेजकिट, ट्रॅकर हेही. लॉगिन केल्या केल्या १.७ जीबी रॅम भरलेली असते, तीही कमी व्हायला हवी. यातलं काय बंद केलं तर चालेल? आणि फ्लॅटपॅकमुळे मशीन जड होतं का?

---

प्रक्रिया_एक

थांबा, अजून काहीही मास्क करू नका. तुमचा सगळ्यात मोठा चोर या यादीत नाहीच.

ब्लेमच्या यादीतले आकडे बेरजेचे नसतात. सर्व्हिस एकाच वेळी, समांतर सुरू होतात. ९ सेकंद घेणारी सर्व्हिस बाजूला एकटी चालत असेल आणि तिच्यासाठी कोणी अडलेलं नसेल, तर ती काढून एक सेकंदही वाचत नाही. प्लिमथ-क्विट-वेट तर काही कामच करत नाही, बूटचं चित्र पडद्यावरून कधी जाईल याची वाट बघत बसते. बाकीचं बूट रखडलं की तिचा आकडा आपोआप फुगतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जे युनिट सुरूच झालं नाही, ते ब्लेममध्ये येत नाही. एखाद्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहून सिस्टमडीने (बूटला सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने) नाद सोडला, तर त्या ९० सेकंदांचा इथे मागमूसही नसतो. तुमची पूर्ण यादी एकापाठोपाठ धरली तरी जवळजवळ दोन मिनिटांचा युजरस्पेस त्यातून निघत नाही.

कर्नलचे ३७ सेकंदही खटकतात. डेबियनमध्ये इनिट्रॅमएफएसचा (खरी डिस्क जोडण्याआधी रॅममधून चालणाऱ्या छोट्या सिस्टमचा) वेळ वेगळा दाखवला जात नाही, तो कर्नलच्या आकड्यातच जातो. हार्ड डिस्कवर तिथे सात-आठ सेकंद समजण्यासारखे आहेत. वरचे तीस सेकंद कोणीतरी वाट बघतंय.

या चार गोष्टी चालवून आउटपुट द्या:

‘सिस्टमडी-ॲनालाइज क्रिटिकल-चेन’
‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’
‘स्वॅपऑन --शो’
‘सुडो जर्नलसीटीएल -बी’ चालवून त्यात ‘टाइम्ड आउट’ हे शब्द शोधा.

आणि पुढच्या बूटला चित्र दिसत असताना एस्केप दाबा. मागे कशाची वाट बघणं चाललंय ते अक्षरांत दिसेल, सेकंद मोजणाऱ्या आकड्यासकट.

---

नवशिका_८६

क्रिटिकल-चेन:

ग्राफिकल.टार्गेट @१ मि ५७.२ से
मल्टी-युजर.टार्गेट @१ मि ५७.२ से
कप्स-ब्राउझ्ड.सर्व्हिस @१ मि ५७.१ से
नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट @१ मि ५७.१ से
नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन.सर्व्हिस @१ मि ४७.७ से +९.४ से
नेटवर्कमॅनेजर.सर्व्हिस @१ मि ३५.९ से +११.७ से
डीबस.सर्व्हिस @१ मि ३१.७ से +३.९ से
बेसिक.टार्गेट @१ मि ३१.६ से
सिसइनिट.टार्गेट @१ मि ३१.५ से
स्वॅप.टार्गेट @१ मि ३१.५ से

‘--फेल्ड’मध्ये काहीच नाही. ‘स्वॅपऑन --शो’ने कोरी ओळ दिली. जर्नलमध्ये एक ओळ सापडली: ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस’, पुढे लांबलचक युयुआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक). त्याच्या खाली ‘डिपेंडन्सी फेल्ड’ आणि स्वॅपचं नाव.

---

प्रक्रिया_एक

सापडलं. या साखळीत @ म्हणजे ते युनिट कधी सुरू झालं आणि + म्हणजे त्याला स्वतःला किती वेळ लागला. स्वॅप.टार्गेट ९१ व्या सेकंदाला आलंय आणि त्याच्यापुढे + नाही. म्हणजे त्याने काम केलं नाही, नुसती वाट बघितली. सिस्टमडीची ठरलेली मुदत ९० सेकंद असते, तेवढीच.

झालं असं: दुसरं लिनक्स टाकताना त्याच्या इन्स्टॉलरने तुमचं स्वॅप पार्टिशन (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) नव्याने फॉरमॅट केलं. बरेच इन्स्टॉलर न विचारता हे करतात. फॉरमॅट झालं की युयुआयडी बदलतो. डेबियनच्या ‘/ईटीसी/एफस्टॅब’मध्ये (बूटला कोणती पार्टिशन जोडायची त्या यादीत) मात्र जुनाच युयुआयडी आहे, तो आता कुठल्याच डिस्कवर नाही. स्वॅपची वाट बघितल्याशिवाय सिसइनिट पुढे जात नाही, म्हणून सगळंच अडलं. मुदत संपली की बूट पुढे सरकतं, कारण स्वॅप सक्तीचं नसतं. तीच चूक होमच्या ओळीत असती तर थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसला असता.

कर्नलमधले तीस सेकंद याच कारणाने गेलेत. हायबरनेट केलेली स्थिती स्वॅपमध्ये आहे का ते इनिट्रॅमएफएस तपासतं, आणि त्यासाठी तोच मेलेला युयुआयडी शोधत बसतं.

दुरुस्ती:

१. ‘एलएसबीएलके -एफ’ चालवा. ज्या ओळीत ‘स्वॅप’ लिहिलंय तिचा युयुआयडी कॉपी करा. हाताने टाइप करू नका.

२. ‘सुडो सीपी /ईटीसी/एफस्टॅब /ईटीसी/एफस्टॅब.जुनं’ अशी प्रत ठेवा. मग ‘सुडो नॅनो /ईटीसी/एफस्टॅब’ उघडून स्वॅपच्या ओळीतला युयुआयडी बदला. त्याच ओळीत ‘एसडब्ल्यू’ या पर्यायाला स्वल्पविरामाने जोडून ‘नोफेल’ लिहा. मधे जागा सोडायची नाही, जागा सोडली की तो पुढचा रकाना समजला जातो. ‘नोफेल’ असेल तर पुन्हा कधी युयुआयडी बदलून स्वॅप मिळालं नाही तरी बूट पुढे सरकेल.

३. ‘सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’. ही कमांड एफस्टॅब तपासून चुका दाखवते. एफस्टॅबला हात लावल्यावर रीबूटच्या आधी दर वेळी चालवा, दोन सेकंदांचं काम आहे.

४. ‘/ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्युम’ ही फाइल उघडा. हायबरनेट वापरत असाल तर तिथेही नवा युयुआयडी टाका. वापरत नसाल तर एकच ओळ ठेवा: ‘रिझ्युम=नन’. डावीकडचा शब्द मोठ्या अक्षरांत, उजवीकडचा लहान. फाइल नसेल तर नवी करा.

५. ‘सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यु -के ऑल’. ही पायरी लोक विसरतात. मग ९० सेकंद जातात पण ३० तसेच राहतात, आणि ते कुठून आले हे कळत नाही.

६. ‘सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रिलोड’, मग ‘सुडो स्वॅपऑन -ए’. ‘स्वॅपऑन --शो’मध्ये आता ओळ दिसली पाहिजे.

‘स्वॅपलेबल -यु’ने पार्टिशनला जुना युयुआयडी परत देता येतो, पण मग दुसऱ्या लिनक्सचं बूट अडेल. दोघांच्या एफस्टॅबमध्ये एकच खरा युयुआयडी असणं चांगलं. हायबरनेट मात्र दोघांनी एकाच स्वॅपमध्ये करू नये. एकाने झोपवलेली स्थिती दुसरा पुसून टाकतो.

---

शांत_डेमन

वरचं आधी करा, मग पुन्हा मोजा, आणि त्यानंतरच सर्व्हिसकडे वळा. तुमच्या यादीतल्या एकेका नावाबद्दल सांगतो, कारण त्यातली काही बंद केलीत तर डेस्कटॉपच लंगडा होईल.

अजिबात हात लावू नका: पोलकिट, युडिस्क्स२, अकाउंट्स-डेमन, ॲपआर्मर, डीबस, लॉगिनडी. पोलकिट गेलं की सॉफ्टवेअर टाकताना किंवा डिस्क जोडताना पासवर्ड विचारणारी खिडकी येत नाही आणि काम गुपचूप नाकारलं जातं. युडिस्क्स२ गेलं की पेन ड्राइव्ह लावल्यावर फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाही. अकाउंट्स-डेमनकडून लॉगिन स्क्रीनला वापरकर्त्यांची यादी मिळते. ॲपआर्मर तर सतत चालणारी सर्व्हिसच नाही. ती सुरुवातीला सुरक्षेचे नियम कर्नलमध्ये भरते आणि संपते. ती बंद करून रॅम वाचत नाही, संरक्षण मात्र जातं. यादीत नसली तरी डब्ल्यूपीए-सप्लिकंटचीही आठवण ठेवा: नाव अनोळखी वाटतं म्हणून लोक मास्क करतात आणि वायफाय जातं.

खुशाल बंद करा: नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन. ही नेटवर्क आणत नाही, ते आलं की नाही याची वाट बघते. बूटच्या वेळीच नेटवर्कवरचं फोल्डर जोडायचं असेल, म्हणजे एफस्टॅबमध्ये एनएफएस किंवा तसलं काही असेल, तरच ती लागते. तिला कोण बोलावतंय ते असं दिसेल:

‘सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --रिव्हर्स नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’

तुमच्या साखळीत तिला कप्स-ब्राउझ्ड बोलावतंय. म्हणजे प्रिंटर शोधणाऱ्या एका डेमनसाठी (मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) साडेनऊ सेकंद मोजले जातायत. मोजले जातायत असं मुद्दाम म्हणतो, कारण लॉगिन स्क्रीन मल्टी-युजर.टार्गेटसाठी थांबत नाही, ती त्याआधीच येते. ‘सिस्टमडी-ॲनालाइज’चा शेवटचा आकडा आणि डोळ्यांना दिसणारा वेळ यांत हा फरक राहतो. घड्याळ लावून लॉगिन स्क्रीनपर्यंतचा वेळही वेगळा मोजा.

मोडेममॅनेजर: सिमकार्डचा डोंगल किंवा आत बसवलेलं मोबाइल मोडेम नसेल तर बंद. अर्डुइनोसारखे बोर्ड यूएसबीवर वापरणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण हा डेमन नव्या सीरियल पोर्टवर मोडेम आहे का हे विचारायला स्वतःहून अक्षरं पाठवू शकतो आणि बोर्डवरचा प्रोग्रॅम गोंधळू शकतो.

ब्लूटूथ: असू द्या. मशीनमध्ये ॲडॅप्टर नसेल तर ती सर्व्हिस स्वतःच सुरू होत नाही, तशी अट तिच्या युनिट फाइलमध्येच आहे.

कप्सची (छपाईच्या सर्व्हिसची) गंमत नीट समजून घ्या. कप्सचे तीन तुकडे आहेत: कप्स.सर्व्हिस, कप्स.सॉकेट, कप्स.पाथ. सॉकेट चालू असेल तर सर्व्हिस बंद ठेवली तरी प्रिंट दिल्याक्षणी ती जागी होते. क्वचित प्रिंट काढणाऱ्यासाठी ही उत्तम सोय. पण ‘डिसेबल कप्स.सर्व्हिस’ म्हटलंत की तिच्या फाइलमधल्या ‘ऑल्सो=’ या ओळीमुळे सॉकेट आणि पाथही सोबत डिसेबल होतात. आउटपुटमध्ये एकाहून जास्त ‘रिमूव्हड’ दिसतात ते त्यामुळेच. म्हणून लगेच पुढची ओळ चालवायची:

‘सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाउ कप्स-ब्राउझ्ड.सर्व्हिस कप्स.सर्व्हिस’
‘सुडो सिस्टमसीटीएल इनेबल --नाउ कप्स.सॉकेट’

कप्स-ब्राउझ्ड बंद केल्याचा आणखी एक फायदा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातली मोठी त्रुटी उघड झाली, सीव्हीई-२०२४-४७१७६. तो डेमन यूडीपी पोर्ट ६३१ वर कोणाचंही ऐकत होता आणि बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर घुसवू शकत होता. दुरुस्ती आली आहे, तरी जे लागत नाही ते नेटवर्कवर कान लावून बसलेलं नसावं. अवाही मात्र नेटवर्क प्रिंटर असेल तर ठेवा. ड्रायव्हर न टाकता चालणारे आजचे प्रिंटर त्याच्याच मार्फत सापडतात.

आता डिसेबल आणि मास्क यांतला फरक. डिसेबल म्हणजे ‘बूटला आपणहून सुरू होऊ नकोस’, दुसऱ्या कोणी मागितली तर ती उठते. मास्क म्हणजे युनिटचं नाव थेट ‘/डेव्ह/नल’ला जोडणं, मग कोणीही मागितली तरी उठत नाही आणि मागणाराही पडू शकतो. आधी डिसेबल, दोन-चार दिवस वापर, आणि खरंच कोणी पुन्हा पुन्हा उठवत असेल तरच मास्क. पॅकेजकिटला डिसेबल लागूच होत नाही, ते ‘स्टॅटिक’ आहे. ग्नोम सॉफ्टवेअरने हाक मारली की उठतं. म्हणून पॅकेजकिट मास्क करण्याऐवजी हाक मारणाऱ्याला आवरा, त्याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच.

डॉकर आणि मारियाडीबी ही तुमची खरी कमाई आहे. डेबियनमध्ये सर्व्हर पॅकेज टाकलं की ते लगेच चालू होतं आणि दर बूटला येतं. डॉकरचं असं करा:

‘सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाउ डॉकर.सर्व्हिस कंटेनरडी.सर्व्हिस’

डॉकर.सॉकेटमुळे सर्व्हिस पुन्हा उठू शकते असा इशारा येईल. घाबरू नका, आपल्याला तेच हवंय. पहिली डॉकर कमांड दिलीत की सॉकेट सर्व्हिसला उठवेल, फक्त तेव्हा काही सेकंद जास्त लागतील. ‘रीस्टार्ट ऑलवेज’ लावलेले कंटेनरही तोपर्यंत सुरू होणार नाहीत. मारियाडीबीची अशी सोय आपोआप चालू नसते. ती डिसेबल करून लागेल तेव्हा ‘सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट मारियाडीबी’ म्हणायचं. तिचा इनोडीबी बफरच डिफॉल्टने १२८ एमबीपर्यंत जातो, ४ जीबीच्या मशीनवर ही छोटी गोष्ट नाही.

चुकून भलतं काही बंद झालं आणि डेस्कटॉप आलाच नाही तर: ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘सिस्टमडी.युनिट=मल्टी-युजर.टार्गेट’ जोडा, कंट्रोल-एक्स. काळ्या पडद्यावर लॉगिन करा आणि ‘अनमास्क’, ‘इनेबल’ चालवा. पुष्कळ ठिकाणी रेस्क्यू.टार्गेट सुचवलेलं असतं, पण इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड कोरा ठेवला असेल तर तिथे रूट खातं कुलूपबंद असल्याचं सांगून शेल मिळत नाही. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो.

---

पॅकेज_पारखी

रॅमकडे वळू. आधी ‘फ्री -एच’मध्ये ‘फ्री’चा रकाना बघू नका, ‘अव्हेलेबल’ बघा. लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि मागितली की सोडतं.

वरच्या छोट्या डेमनांनी रॅम वाचेल ही आशा सोडा. मोडेममॅनेजर, अवाही वगैरे मिळूनही थोडेच एमबी होतात. ग्नोम डेस्कटॉप, त्याच्या लॉगिननंतर उठणाऱ्या गोष्टी आणि ब्राउझर यांनीच रॅम भरते. लॉगिननंतरच्या गोष्टी ‘सिस्टमसीटीएल’च्या साध्या यादीत दिसत नाहीत, त्या दोन ठिकाणी असतात: ‘सिस्टमसीटीएल --युजर लिस्ट-युनिट-फाइल्स --स्टेट=इनेबल्ड’ आणि ‘/ईटीसी/एक्सडीजी/ऑटोस्टार्ट’ हे फोल्डर.

ग्नोम सॉफ्टवेअर अपडेट बघण्यासाठी मागे चालू राहतं, आणि पॅकेजकिटला हाक मारणारा तोच. ऑटोस्टार्ट फोल्डरमधली त्याच्या नावाची ‘.डेस्कटॉप’ फाइल तुमच्या होममधल्या ‘.कॉन्फिग/ऑटोस्टार्ट’मध्ये कॉपी करा, फाइलचं नाव तेच ठेवा, आणि शेवटी ‘हिडन=ट्रू’ ही ओळ लिहा. होममधली फाइल मूळ फाइलीवर मात करते. मूळ फाइलीला हात लावू नका. पॅकेज अपडेट होताना डीपीकेजी थांबून ‘तुमची ठेवू की नवी घेऊ’ विचारत बसतं. अपडेट बंद करायचे नाहीत हे लक्षात असू द्या. ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि ‘सुडो एपीटी अपग्रेड’ हे आठवड्यातून एकदा तरी हाताने करा.

ट्रॅकर: पहिल्यांदा सगळ्या फाइली वाचताना हार्ड डिस्क कुरकुरत राहते, नंतर तो शांत होतो. ‘ट्रॅकर३ स्टेटस’ने कुठवर आलाय ते कळतं. सेटिंग्जमध्ये सर्च, तिथे सर्च लोकेशन्स, आणि डाउनलोड व चित्रपटांची फोल्डरं काढून टाका. बहुतेकांना एवढं पुरतं. पूर्णच नको असेल तर ‘सिस्टमसीटीएल --युजर मास्क ट्रॅकर-माइनर-एफएस-३.सर्व्हिस’, सुडो न लावता. किंमत अशी की फाइलीच्या आतला मजकूर शोधता येणार नाही आणि फाइल मॅनेजरमधला शोध मंद होईल. ग्नोम ४७ पासून याचंच नाव लोकलसर्च झालंय. पुढच्या डेबियनवर गेलात की जुन्या नावाचा मास्क काही कामाचा नाही.

सेवा बंद करण्याऐवजी पॅकेजच काढून टाकू, हा मोह आवरा. ग्नोमचे बरेच भाग ‘ग्नोम-कोर’ या मेटापॅकेजवर (बाकीची पॅकेजं ओढून आणणाऱ्या पॅकेजवर) टांगलेले आहेत. त्यातला एक काढला की मेटापॅकेज जातं, आणि मग पुढच्या ‘ऑटोरिमूव्ह’ला बाकीचा डेस्कटॉप बेवारस ठरून एकदम निघतो. आधी कोरडी चाचणी करा: ‘एपीटी -एस रिमूव्ह’ आणि पॅकेजचं नाव. काढल्या जाणाऱ्या यादीत ‘ग्नोम-कोर’ दिसलं तर थांबा. तरीही काढायचंच असेल तर आधी ‘सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल ग्नोम-शेल जीडीएम३ नॉटिलस ग्नोम-कंट्रोल-सेंटर नेटवर्क-मॅनेजर’ करून ठेवा. घोटाळा झालाच तर काय काय गेलं त्याची नोंद ‘/व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग’मध्ये असते.

फ्लॅटपॅक वाईट नाही, पण ४ जीबी आणि हार्ड डिस्कवर जपून. फ्लॅटपॅकचं ॲप स्वतःच्या रनटाइममधल्या लायब्ररी वापरतं, डेस्कटॉपने आधीच रॅममध्ये आणलेल्या नाही. म्हणून पहिल्यांदा उघडताना डिस्कवरून सगळं नव्याने वाचावं लागतं. तीन ॲप तीन वेगवेगळ्या रनटाइमवर असतील तर तिप्पट. त्यामुळे ब्राउझर, ऑफिस, व्हिडिओ प्लेयर अशा रोजच्या गोष्टी डेबियनच्या पॅकेजमधून घ्या. लिब्रेऑफिस नवं हवं असेल तर बॅकपोर्ट्स (नव्या आवृत्त्यांचं डेबियनचं वेगळं भांडार) बघा. फ्लॅटपॅक डेबियनमध्ये नसलेल्या एखाद्या ॲपपुरतं ठेवा. अधूनमधून ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयुज्ड’ चालवा, जुने रनटाइम आपणहून जातातच असं नाही.

एवढं करूनही ग्नोम जड वाटलं तर एक्सएफसीई घ्या: ‘सुडो एपीटी इन्स्टॉल --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स एक्सएफसीई४ एक्सएफसीई४-टर्मिनल’. रेकमेंड्स टाळल्यामुळे सोबत येणारं बरंच सामान येत नाही, पण आवाजाचं बटण किंवा नेटवर्कचं चिन्ह नसेल तर ते पॅकेज नावाने वेगळं टाकावं लागेल. लॉगिन स्क्रीनवर नावावर क्लिक केल्यावर कोपऱ्यात गिअर येतो, तिथे सेशन निवडा. ग्नोम काढायची घाई नको, दोन्ही शेजारी राहू शकतात.

---

कोरा_पडदा

स्वॅप परत येणार आहे ते चांगलंच, पण हार्ड डिस्कवरचं स्वॅप म्हणजे माउस अडकण्याचं हमखास कारण. झेडरॅम लावा, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेलं स्वॅप. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल झेडरॅम-टूल्स’, मग ‘/ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप’मध्ये ‘अल्गो’ आणि ‘पर्सेंट’ या दोन ओळींच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढून त्या ‘अल्गो=झेडएसटीडी’ आणि ‘पर्सेंट=५०’ अशा करा, मग ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट झेडरॅमस्वॅप’. ५० टक्के म्हणजे २ जीबी रॅम अडवून ठेवली असं नाही. पानं आत येतील तशी जागा लागते, तीही दाबून, साधारण अर्ध्या ते एक-तृतीयांशात. डिस्कचं स्वॅप काढू नका, त्याची प्रायॉरिटी कमी असल्यामुळे झेडरॅम भरल्यावरच त्याची पाळी येते.

---

प्रक्रिया_एक

झेडरॅमला माझा पाठिंबा, अल्गोरिदमबद्दल मात्र वेगळं मत. झेडएसटीडी जास्त दाबतं, पण प्रोसेसरला जास्त राबवतं. प्रोसेसर खरंच जुना, दोन कोअरचा असेल तर एलझेड४ वर सुरुवात करा. ब्राउझरचे टॅब बदलताना फरक जाणवतो. दोन्ही एकेक दिवस वापरून बघा, ‘झेडरॅमसीटीएल’ मूळ आकार आणि दाबलेला आकार शेजारी दाखवतं.

---

नवशिका_८६

एफस्टॅबमधला युयुआयडी बदलला, रिझ्युम ‘नन’ केलं, वेट-ऑनलाइन, कप्स-ब्राउझ्ड, मोडेममॅनेजर, डॉकर, मारियाडीबी डिसेबल केले. मास्क एकही नाही. ग्रबमध्ये थांबण्याचा वेळ ५ वरून २ केला.

फर्मवेअर ६.२ से + लोडर २.९ से + कर्नल ७.१ से + युजरस्पेस २२.४ से = ३८.६ से

लॉगिननंतर रॅम १.२ जीबी. झेडरॅम एलझेड४ वर आहे, उद्या झेडएसटीडी बघतो.

एक राहिलं: बंद करताना कधी कधी ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर युजर मॅनेजर’ असं येऊन मिनिटभर अडकतं. ‘डिफॉल्टटाइमआउटस्टॉपसेक’ ५ सेकंद करा असं ठिकठिकाणी वाचलं. करू का?

---

शांत_डेमन

सगळ्यांसाठी करू नका. स्वतःची वेगळी मुदत नसलेल्या प्रत्येक सर्व्हिसला ती लागू होईल. त्यातल्या एखादीला बंद होताना रॅममधला डेटा डिस्कवर उतरवायचा असेल, तर तुमच्या डिस्कवर त्याला ५ सेकंद कमी पडू शकतात.

अडवणारा कोण ते शोधा. असं अडकल्यानंतर पुन्हा सुरू केलंत की ‘सुडो जर्नलसीटीएल -बी -१ -ई’ चालवा. ‘-बी -१’ म्हणजे आधीचं बूट, ‘-ई’ने शेवटाकडे उडी. तिथे ‘स्टॉप-सिगटर्म टाइम्ड आउट, किलिंग’ अशी ओळ आणि तिच्याजवळ एका प्रोग्रॅमचं नाव असेल. ते युजर सर्व्हिसचं नाव असेल तर ‘सिस्टमसीटीएल --युजर एडिट’ आणि ते नाव, उघडलेल्या कोऱ्या जागेत दोन ओळी:

[सर्व्हिस]
टाइमआउटस्टॉपसेक=१०

ही वेगळी ओव्हरराइड फाइल तुमच्या होममध्ये बनते, त्यामुळे अपडेटने पुसली जात नाही. नाव सापडलं की इथे टाका.